घासून काढलेला गंज महिन्याभरात परत येतोय? आधी तो कुठे बसलाय ते बघा

जुना घडीचा चाकू हाती येतो. सुट्टीची अख्खी दुपार घालवून तुम्ही पातं घासता, तेल लावता, फडक्यात गुंडाळून खणात ठेवता. महिन्याने उघडावं तर तोच तांबूस थर, त्याच जागी. पुन्हा घासणं, पुन्हा तेल. तिसऱ्या खेपेला तेलाचा ब्रँड बदलतो, चौथ्या खेपेला हवामानाला शिव्या बसतात. जुने चाकू जमवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या नशिबी हे एकदा तरी येतं आणि विचारायला गेलं की हमखास कुठल्या तरी तेलाचं नाव सांगितलं जातं.

माझं मत विचाराल तर तेल या सगळ्यात शेवटी येतं. आधी भिंग घ्या.

माझ्याकडे दोन पात्यांचा एक छोटा चाकू आहे. मुठीवरच्या पट्ट्या कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या, पिवळ्या-तपकिरी, अर्धपारदर्शक. सात-आठ महिन्यांत मी तो चार वेळा साफ केला. पाचव्यांदा घासायला बसलो तेव्हा वैतागून आधी भिंग काढलं आणि खिडकीशी बसून नुसतंच पाहत राहिलो. पातं मिटल्यावर जेवढा भाग मुठीच्या खोबणीत जातो, बरोबर तेवढ्यावरच गंज होता. पाठीकडची, नखाची खाच असलेली अरुंद पट्टी मिटल्यावरही बाहेर डोकावते. ती लख्ख होती. मधली सीमा फूटपट्टीने आखावी तशी सरळ. हवेतल्या दमटपणाने गंज चढला असता तर तो उघड्या भागावर आधी चढायला हवा होता. इथे उलटं झालं होतं. म्हणजे चाकूला खाणारी गोष्ट बाहेर नव्हती, मुठीच्या आत होती.

ती काय होती ते पुढे सांगतो. तोवर तुमच्या चाकूवरचा गंज कुठे आहे, कोणत्या रंगाचा आहे, किती दिवसांत परत येतो, हे एका कागदावर लिहा. पुढचं सगळं निदान या तीन उत्तरांवर चालतं.

हा गंजच आहे ना?

हे विचारायलाच हवं, कारण काही जण गंज नसलेली गोष्ट घासत बसतात. जुनी पाती बहुतेक करून साध्या कार्बन पोलादाची. न गंजणारं पोलाद हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफिल्डमध्ये १९१३ साली तयार केलं; त्याआधीचा चाकू असेल तर पातं कार्बनचंच. अशा पात्यावर वापरून वापरून जो करडा, निळसर, काळपट थर चढतो तो पटिना. तो घट्ट बसलेला असतो, बोटाला लागत नाही, आणि खालच्या पोलादाला थोडंफार राखतोही. गंज तांबडा किंवा नारिंगी, भुसभुशीत, पांढरं फडकं तेलात बुडवून फिरवलं की फडक्यावर उतरणारा. पटिना घासून पातं आरशासारखं केलंत तर पोलाद उघडं पडतं आणि आठवड्याभरात त्यावर खराखुरा गंज धरतो. म्हणजे रोग नव्हता, औषधाने आणला.

आणखी एक नुकसान होतं, ते पैशातही मोजलं जातं. पात्याच्या बुडाशी बनवणाऱ्याचा शिक्का असतो आणि चाकूचं वय ठरवायला बऱ्याचदा तेवढाच पुरावा असतो. अमेरिकेतल्या केस (Case) या चाकू बनवणाऱ्या कंपनीने १९७० साली शिक्क्याखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी केला. पॉलिश पेपरचे चार हात जास्त फिरले आणि दोन ठिपके पुसले गेले की चाकू दोन वर्षांनी धाकटा झाला! बुडाला मी कधीही पॉलिश पेपर लावत नाही. तिथे फक्त तेल आणि लाकडाची काडी.

एका दिवसात परत येणारा गंज

संध्याकाळी पातं स्वच्छ होतं आणि सकाळी त्यावर हळद भुरभुरल्यासारखा नारिंगी रंग आहे, सगळीकडे सारखा. याचं कारण नव्वद टक्के वेळा तुम्हीच. व्हिनेगरमध्ये बुडवून गंज काढलात आणि आम्ल पुरतं मारलं नाहीत.

व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. गंज ते विरघळवतं हे खरं, पण आम्लातून निघालेलं पोलाद अगदी नागडं असतं, आणि खड्ड्याखड्ड्यांत उरलेलं आम्ल काम चालूच ठेवतं. नुसतं नळाखाली धुवून ते जात नाही. पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्या पाण्याने पातं जुन्या टूथब्रशने घासा, मग स्वच्छ पाण्याने धुवा, लगेच पुसा, केस वाळवायच्या यंत्राने कोमट हवा मारा आणि पातं कोमट असतानाच तेल द्या. या पायऱ्यांमध्ये चहाला उठायचं नाही. ओलं कार्बन पोलाद काही मिनिटांत रंग बदलायला लागतं.

खरं म्हणजे घडीच्या चाकूसाठी व्हिनेगर हा उपायच मला पसंत नाही. सुटं पातं असेल तर ठीक. जोडलेल्या चाकूत ते बिजागरीत शिरतं, मुठीच्या आतल्या धातूच्या अस्तरामागे शिरतं आणि तिथून सोड्याच्या पाण्याने त्याला गाठणं अवघड. मूठ हाडाची असेल तर विचारूच नका. हाडात कॅल्शियम असतं आणि आम्ल त्याला खातं. एका संध्याकाळीत हाडाची झिलई जाऊन ते खडूसारखं पांढरट, खरखरीत झालेलं मी माझ्याच टेबलावर पाहिलंय, आणि ते परत पूर्वीसारखं करता येत नाही. त्यापेक्षा तेल आणि ०००० नंबरची (सगळ्यात बारीक) स्टील वूल, म्हणजे पोलादाच्या तारांचा कापूस, हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने. वेळ दुप्पट लागतो, पण दुसऱ्या दिवशी काळजाचा ठोका चुकत नाही.

स्टील वूलचीही एक खोड आहे. तिचे केसासारखे तुकडे तुटून हाडाच्या चिरांत, रिव्हेटच्या कडेला, शिक्क्याच्या अक्षरांत अडकतात आणि तिथेच गंजतात. न गंजणाऱ्या पात्यावर किंवा पांढऱ्या मुठीवर अचानक बारीक तांबडे ठिपके उगवले तर बहुतेक वेळा ते या तुकड्यांचे असतात. काम झाल्यावर चाकूवरून लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवा. कागदावर काय गोळा होतं ते पाहून दचकाल. ब्राँझची वूल मिळाली तर ही कटकटच नाही.

आणि फिरतं यंत्र लावू नका, घाई कितीही असो. पातळ पात्याची धार क्षणात तापते. धारेवर निळा रंग चढला म्हणजे ती सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत गेली आणि पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, तिथे उतरला. मग ती धार टिकत नाही, सहाणेवर कितीही ओढा.

बिजागरीतून ओघळणारा लाल-काळा रस

पातं वरून स्वच्छ आहे, पण उघडझाप केली की बुडाशी तेलाबरोबर लालसर काळा चिखल बाहेर येतो. दोन दिवसांनी तो वाळतो आणि तिथूनच गंज पात्यावर सरकतो. हे सगळ्यात जास्त आढळतं आणि सुदैवाने पूर्ण बरं होतं.

घडीच्या साध्या चाकूत पातं एका खिळीवर फिरतं आणि पाठीची स्प्रिंग त्याच्या बुडावर दाबून बसते. दोन्ही बाजूंना पितळेचं किंवा लोखंडाचं अस्तर, त्यावर हाडाच्या, शिंगाच्या, लाकडाच्या पट्ट्या. पातं मिटून जिथे बसतं ती खोबण म्हणजे खिशातल्या धुळीचं कोठार. कपड्याचा भुसा, तंबाखूची पूड, वाळू, पूर्वीच्या मालकाने घातलेलं आणि डिंकासारखं झालेलं तेल, सगळं तळाशी दाबून बसलेलं असतं. हा बोळा स्पंजसारखा ओल धरतो. अस्तर पितळेचं असेल तर आणखी एक भानगड: पितळ आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की त्यांची चिमुकली बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजतं ते पोलाद. म्हणून स्प्रिंगच्या आतल्या अंगावर, अस्तराला लागून, एक गंजाची रेघ बऱ्याच चाकूंत दिसते.

मी करतो ते असं. पात्याच्या धारेवर आधी जाड टेप चिकटवतो. हे टाळू नका; तेलकट हातात जुन्या स्प्रिंगचा चाकू अवचित मिटतो, आणि तो मिटतो तेव्हा बोट मध्ये असतं. मग पातं उघडं ठेवून खोबणीतला भुसा कोरडाच काढायचा, बांबूची काडी चपटी तासून. लोखंडी सुई वापरलीत तर पितळी अस्तरावर चरे पडतील. भुसा निघाल्यावर बिजागरीवर गंज सैल करणारं पातळ तेल दोन थेंब, आणि रात्रभर तसंच, पात्याचं टोक खाली करून. सकाळी उघडझाप. पूर्ण उघडायचं नाही, पूर्ण मिटायचं नाही, मधल्या टप्प्यात तीस-चाळीस वेळा. चिखल बाहेर येईल. पुसा. पुन्हा दोन थेंब. पांढऱ्या फडक्यावर येणारा डाग लाल, मग तपकिरी, मग करडा, मग नुसतं तेल, असा फिका होत जातो. काही चाकूंना हे एका दिवसात साधतं, एकाला मला अकरा दिवस लागले. फडकं स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. इथे अर्धवट सोडलेलं काम हेच गंज परत येण्याचं कारण असतं.

पातं जाम असेल तर पकडीने ओढू नका. नखाची खाच तुटते किंवा स्प्रिंग मधोमध कडकन जाते, आणि मग तेलाचा प्रश्नच उरत नाही. तेल, वेळ, आणि हाताच्या उबेने येईल तेवढंच.

हे सगळं झाल्यावर चाकू मिटताना पूर्वीचा तो टक् आवाज परत येतो. त्या आवाजासाठी म्हणून मी हे काम करतो, गंजाचं निमित्त.

दर वेळी त्याच खड्ड्यात

पातं बाकी बरं, पण तीन-चार ठरावीक खड्ड्यांतून पुन्हा पुन्हा तांबडं डोकं वर येतं. तिथे क्षार अडकलेले आहेत. घामातलं मीठ, समुद्राची हवा, काहीही. मिठातलं क्लोराइड खड्ड्याच्या तळाशी गंजाखाली दडून राहतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि वरून लावलेल्या तेलाला जुमानत नाही. उलट तेलाच्या थराखाली त्याचं निवांत चालतं.

तेलाने मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून इथे पाण्याला पर्याय नाही, फक्त ते शुद्ध हवं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, नळाचं नको, नळाच्या पाण्यात स्वतःचं क्लोरीन असतं. आधी खड्ड्यातला सैल गंज लाकडाच्या टोकाने कोरून काढा. मग कापूसकाडी पाण्यात भिजवून खड्ड्यावर टेकवायची, मिनिटभर धरायची, टाकायची, दुसरी घ्यायची. एका खड्ड्याला दहा-बारा काड्या. मग कोमट हवेने खडखडीत वाळवून तेल. खड्डा राहणारच, तो तासून सपाट करायच्या फंदात पडलात तर पातं बारीक होईल आणि मिटल्यावर मुठीत खोलवर हरवेल. काळा, निजलेला खड्डा जुन्या चाकूला शोभतो.

बोटांच्या ठशांचा गंज याच जातीचा. ठसा ओळखू येण्याइतका स्पष्ट उमटतो, कधी कधी कोणाचा तेही कळतं. चाकू कोणाला दाखवलात तर परत ठेवण्याआधी पुसा. पाहुण्यासमोर पुसलंत तर त्याला राग येतो, तेवढं सांभाळा.

एकाच अंगाला गंज

पात्याची किंवा बोल्स्टरची (मुठीच्या टोकाला असलेल्या धातूच्या टोपीची) एकच बाजू गंजते आणि दुसरी नाही, तर चाकू कशावर आडवा ठेवलाय ते बघा. चामड्याचं म्यान हा पहिला संशयित. कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, कधी क्षारही असतात, आणि ते ओल धरून ठेवतं. चाकू म्यानात घालून वर्षभर ठेवणं म्हणजे त्याला ओल्या पोटीसात बांधणं. म्यान जुनं आणि मूळचं असेल तर जपा, पण चाकूपासून वेगळं. खोक्यातला फोम, जाड मखमल, वर्तमानपत्राचा कागद यांचंही तेच. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत चाकू बंद केला की आतली ओल आतच राहते. थंड जागेतून गरम जागेत आणलात तर पिशवीच्या आत दव धरतं.

कोरडं ठेवा म्हणतात, पण किती? हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादाचं गंजणं झपाट्याने वाढतं. म्हणून काहीजण डब्यात सिलिका जेलच्या पुड्याच पुड्या कोंबतात. मग पोलाद सुखी होतं आणि हाड, शिंग, लाकूड आक्रसून रिव्हेटपाशी तडकतं. ४० ते ५० टक्के ही दोघांना मानवणारी जागा. छोटा आर्द्रतामापक डब्यात टाका आणि पुड्या त्याच्याकडे बघून घाला-काढा. शिंगाच्या मुठी असतील तर अधूनमधून भिंगही फिरवा. लोकर खाणाऱ्या किडीच्या अळ्या शिंगही कुरतडतात, आणि ती बारीक नागमोडी चर लोक गंजाचीच करामत समजतात.

आता तो माझा चाकू

खोबणीतला भाग गंजलेला, बाहेरचा लख्ख. मूठ हाडाची किंवा लाकडाची असती तर मी भुसा आणि ओल असं निदान केलं असतं. पण खोबण मी आधीच साफ केली होती. मग मुठीच्या पट्टीवर अंगठा जोरजोरात घासून ती गरम केली आणि नाकाशी धरली. कापराचा वास. त्याच्या मागोमाग काहीतरी आंबट, नाकाला झोंबणारं.

मूठ सेल्युलॉइडची होती. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर यांचं मिश्रण. जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या आसपास ते अमेरिकेत बाजारात येईल अशा रूपात आणलं. कासवाची पाठ, हस्तिदंत, शिंपला, संगमरवर, कशाचीही नक्कल त्यात होत असे, म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या रंगीत मुठींच्या चाकूंत ते जागोजाग सापडतं. जुन्या सिनेमाच्या ज्वालाग्राही फिती याच घराण्यातल्या. स्पर्धांमधले टेबल टेनिसचे चेंडूही २०१४ पर्यंत याचेच असत.

हे प्लॅस्टिक वयाबरोबर स्वतःच विघटित होतं. कापूर उडून जातो, पट्टी आक्रसते, आणि सेल्युलोज नायट्रेटमधून नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा वायू सुटायला लागतो. हवेतल्या ओलीशी गाठ पडली की त्याचं नायट्रिक आम्ल. मिटलेल्या चाकूत हा वायू खोबणीत कोंडतो, आणि तिथे त्याच्या तावडीत सापडतं पात्याचं धारेकडचं अंग. म्हणून ती सरळ रेघ. पितळी अस्तराच्या कडेला हिरवा कळंक फुटलेला दिसला तर तो याचाच साक्षीदार. शिवाय तयार झालेलं आम्ल पट्टीचं विघटन आणखी वाढवतं, त्यामुळे एकदा सुरू झालेलं प्रकरण हळूहळू चालत नाही, धावतं.

या चाकूने माझं खरं नुकसान केलं ते शेजाऱ्यांचं. तो मखमलीच्या खोक्यात इतर पाच चाकूंबरोबर होता. त्यातल्या दोघांची मूठ हाडाची, पाती मी स्वतः साफ केलेली, आणि तरी त्याच्याकडे तोंड असलेल्या बाजूला त्यांच्यावर बारीक पुरळ उठलं होतं. ज्याला मी दमट हवा म्हणत होतो ती या एका चाकूची हवा होती.

खात्री करायला सुई तापवून टोचतात, ते कधीही करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं, आणि विघटित झालेलं तर आणखी लवकर. ॲसिटोनही नको, नखांचं पॉलिश काढायच्या द्रावणात ते असतं आणि त्याने मूठ वितळून चिकट होते. स्पिरिटही टाळा. वास पुरेसा बोलका असतो. तरी शंका राहिली तर लिटमसची निळी पट्टी डिस्टिल्ड पाण्याने जराशी ओली करा आणि झाकणाच्या बरणीत चाकूशेजारी, त्याला न टेकवता, रात्रभर ठेवा. तशीच दुसरी पट्टी रिकाम्या बरणीत, तुलनेसाठी. माझ्याकडे सकाळी पहिली पट्टी गुलाबी-लाल झाली होती आणि दुसरी जवळजवळ होती तशी.

डोळ्यांनीही ओळखता येतं. पट्टीच्या आत काचेसारख्या बारीक तडा, बहुधा रिव्हेटपासून सुरू झालेल्या. पृष्ठभागावर घाम फुटल्यासारखे चिकट थेंब. कडा आक्रसून बोल्स्टरपाशी पडलेली फट. पारदर्शक आणि फिक्या पिवळ्या पट्ट्या आधी जातात. पांढऱ्या, हस्तिदंताच्या नकलेच्या पट्ट्या जास्त तग धरतात, कारण त्यांत रंगासाठी घातलेलं झिंक ऑक्साइड आम्लाला परस्पर मारतं.

उपाय? थांबवता येत नाही, लांबवता येतं. असा चाकू सगळ्यांपासून वेगळा काढा. बंद डबा नको, हवा खेळती हवी, म्हणजे वायू साठत नाही. जागा थंड, उन्हापासून आणि आगीपासून दूर. तडा अजून नसतील तर पाती अर्धी उघडी ठेवून चाकू कागदाच्या उघड्या तबकात ठेवा, फक्त लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. आतल्या पोलादावर तेलापेक्षा मेण चांगलं टिकतं.

तडा पडल्या असतील, वास झोंबत असेल तर निवड करावी लागते. चाकू दुर्मिळ असेल तर मी पट्ट्या काढत नाही. फोटो काढून ठेवतो, वेगळा ठेवतो आणि तो हळूहळू जाणार हे मान्य करतो. साधा, जागोजाग मिळणारा असेल तर पट्ट्या काढून हाडाच्या किंवा लाकडाच्या बसवायला हरकत नाही, पण विकताना ते सांगायचं. काढताना फिरतं यंत्र नाही, घर्षणाची उष्णता नाही. रिव्हेटचं डोकं हातकानशीने. निघालेले तुकडे आणि भुकटी पाण्यात भिजवून ठेवायची, कचऱ्याच्या कोरड्या डब्यात किंवा सिगारेटच्या आसपास टाकायची नाही.

आणि पट्ट्या बदलल्यावर आतलं अस्तर, स्प्रिंग, पात्याचं बूड सोड्याच्या पाण्याने धुवायला विसरू नका. आम्ल पोलादावर बसलेलं असतं. पट्टी गेली म्हणून ते जात नाही.

मग तेल कोणतं?

शेवटी विचारलंत ते बरं केलंत. स्वयंपाकाचं कुठलंही नको. ती तेलं हवेने घट्ट होतात आणि वर्षभरात बिजागरीत सरस होतो. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातला डब्ल्यूडी तोच; धुतल्यावर फवारायला उत्तम, पण त्यातलं बरंचसं उडून जातं आणि मागे उरतो तो थर महिनोन् महिने पुरण्याइतका नसतो. बिजागरीसाठी शिलाई मशीनचं पातळ तेल एक थेंब. पात्यासाठी शुद्ध मिनरल ऑइलचा पुसून घेतलेला, जेमतेम दिसणारा थर. वर्षभर हात लागणार नसेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. संग्रहालयांत वापरतात त्या जातीचं. बोटावर तांदळाएवढं घेऊन चोळायचं, दहा मिनिटांनी मऊ फडक्याने चमकवायचं.

थर जाड लावला म्हणजे संरक्षण जास्त, असं होत नाही. जाड तेलाला धूळ चिकटते, आणि धुळीला ओल.

माझा तो कासवाच्या पाठीचा चाकू आता फडताळाच्या वरच्या फळीवर एकटा, अर्धा उघडा पडलाय. शेजारी लिटमसची पट्टी ठेवतो, दर पंधरा दिवसांनी बदलतो. अजून ती गुलाबी होतेच. खालच्या खोक्यातल्या पाच जणांवर गेल्या दीड वर्षात एक ठिपका उठलेला नाही. तेल मी तेच जुनं वापरतो.